भाजल्याच्या जखमेवर स्वतःच्याच रक्तातलं औषध: पीआरपीविषयी वाचकांचे प्रश्न

प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजेच पीआरपी, हे नाव केस गळण्याच्या जाहिरातींमुळे आता घरोघरी पोचलं आहे. भाजलेल्या जखमेसाठी डॉक्टरांनी तेच सुचवलं तर काय करायचं, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं या महिन्यात आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना प्लास्टिक सर्जरी आणि रक्तसंक्रमण या विषयांतल्या आमच्या सल्लागारांनी दिलेली ही उत्तरं.

प्रश्न: सासूबाईंच्या (वय ६२) उजव्या हातावर पुऱ्या तळताना तेल सांडलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. आज बारावा दिवस. एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे. कडेचा भाग गुलाबी झाला, पण मधला पट्टा पांढुरका आहे. डॉक्टर म्हणतात, त्यांच्याच रक्तातून पीआरपी काढून लावू, लवकर भरेल. करावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुमच्या पत्रातला 'पांढुरका पट्टा' आम्हाला पीआरपीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी तो किती खोल भाजला आहे ते ठरू द्या.

वरवर भाजलेली जखम गुलाबी आणि ओलसर असते, नुसता वारा लागला तरी झोंबते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि बोट उचललं की रंग लगेच परततो. अशी जखम दोन आठवड्यांत, फार तर तीन आठवड्यांत, आपली आपण भरते. खोल भाजलेली जखम पांढुरकी किंवा लाल ठिपक्यांची दिसते, दाबल्यावर रंग परतायला वेळ लागतो किंवा परततच नाही, आणि ती दुखतेही कमी. घरच्यांना वाटतं, दुखत नाही म्हणजे बरं चाललंय. प्रत्यक्षात मज्जातंतूंची टोकं जळाल्याची ती खूण असते. त्याहून खोल, म्हणजे त्वचेची पूर्ण जाडी जळालेली असली, तर ती जागा चामड्यासारखी कडक लागते आणि टाचणी टोचली तरी कळत नाही.

नवी त्वचा येते कुठून? जखमेच्या कडांवरून, आणि केसांची मुळं व घामाच्या ग्रंथी यांच्याभोवती खोलवर उरलेल्या पेशींपासून. प्लेटलेटमध्ये अतिसूक्ष्म कण असतात. प्लेटलेट कामाला लागली की त्यांतून पेशींना वाढीचा इशारा देणारी प्रथिनं बाहेर पडतात. काही नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, काही वरच्या थराच्या पेशींना विभागायला लावतात. पीआरपी म्हणजे याच प्लेटलेट रक्तातून वेगळ्या काढून रक्ताच्या मूळ प्रमाणाच्या तीन ते पाच पट दाट केलेल्या. पण इशारा ऐकायला पेशी जिवंत हव्यात. पूर्ण जाडी जळाली असेल तर कितीही पीआरपी ओतलं तरी मधोमध त्वचा उगवत नाही. तिथे मेलेला थर काढून कातडी लावणं, म्हणजे ग्राफ्ट, हाच उपाय.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: हा पट्टा भाजल्यापासून तीन आठवड्यांच्या आत भरेल का? उत्तर 'हो' असेल तर पीआरपी लावून काही दिवस वाचू शकतात, न लावलं तरी फार बिघडत नाही. 'बहुतेक नाही' असेल, तर पीआरपीच्या नादात आणखी दोन आठवडे घालवू नका. तीन आठवड्यांपलीकडे रेंगाळलेल्या जखमेवर जाड, उंचावलेला व्रण येण्याची शक्यता खूप वाढते, आणि तुमच्या बाबतीत मधे मनगटाचा सांधा आहे. तिथला व्रण आकसला की हात नीट वळत नाही.

पुरावा कितपत आहे, हेही सांगायला हवं. छोट्या अभ्यासांत जखम काही दिवस आधी भरल्याचं दिसतं. मात्र २०१६ साली नेदरलँड्समधून प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एकाच रुग्णाच्या ग्राफ्ट केलेल्या जखमेचा एक भाग पीआरपीसह आणि दुसरा पीआरपीशिवाय ठेवून तुलना केली होती. तिथे ग्राफ्ट धरण्यात किंवा व्रणाच्या दर्जात ठळक फरक आढळला नाही. पीआरपी हे पूरक औषध आहे, एवढ्याच अपेक्षेने त्याकडे बघा.

या आठवड्यातच प्लास्टिक सर्जनला जखम दाखवा. तुम्हाला ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर जवळ पडेल. शहरात सायन हॉस्पिटल, चिंचपोकळीचं कस्तुरबा आणि भायखळ्याचं मसीना इथे भाजलेल्यांवर उपचार होतात. तोवर हात उशीवर उंच ठेवा, बोटं आणि मनगट तासातासाने हलवायला लावा. दुखेल म्हणून हात कुशीत घेऊन बसणं हे व्रण आखडण्याचं मोठं कारण असतं.

प्रश्न: मी कुर्ल्यातल्या एका नर्सिंग होममध्ये लॅब टेक्निशियन आहे. सर्जन भाजलेल्या रुग्णांसाठी पीआरपी मागतात. आमच्याकडे साधा आठ नळ्यांचा सेंट्रिफ्यूज (नळ्या गरागरा फिरवून रक्ताचे थर वेगळे करणारं मशीन) आहे. कुणी १५०० आरपीएम सांगतं, कुणी ३५००. मी ३५०० वर दहा मिनिटं एकदाच फिरवते आणि वरचा द्रव देते. कधी तो गुलाबी येतो, कधी जेल बनतच नाही. काय चुकतंय?
– एक वाचक

उत्तर: बहुधा तुम्ही पीआरपी देतच नाही आहात. आधी मशीनचा हिशेब करा.

आरपीएम हा नुसता फेऱ्यांचा आकडा. रक्तावर पडणारा जोर 'जी'मध्ये मोजतात आणि तो रोटरच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. सूत्र असं: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या म्हणजे मधल्या अक्षापासून, नळी फिरताना जिथे पोचते तिथे, तिच्या तळापर्यंतचं अंतर. पट्टीने मोजा. १० सेंमी त्रिज्येच्या मशीनवर १५०० आरपीएमला साधारण २५० जी मिळतात. १५ सेंमीच्या मशीनवर तेवढ्याच आरपीएमला ३७५ च्या वर जातात. म्हणून दुसऱ्याच्या मशीनचा आरपीएम आपल्या मशीनवर उचलून आणू नये.

तुमचा रोटर १० सेंमीचा धरला तर ३५०० आरपीएमला सुमारे १३७० जी होतात. एवढ्या जोरात दहा मिनिटं फिरवलं की प्लेटलेटही तांबड्या पेशींच्या माथ्यावरच्या पांढऱ्या पट्टीत, बफी कोटमध्ये, जाऊन बसतात. वरचा पिवळा द्रव प्लेटलेट-गरीब प्लाझ्मा असतो, आणि तुम्ही तोच वर पाठवता. यात एक फसवी गोष्ट आहे. कॅल्शियम घातलं की हा गरीब प्लाझ्माही झकास जेल होतो, कारण जेल बनतं ते प्लाझ्मातल्या फायब्रिनोजेन या गोठणाऱ्या प्रथिनापासून. जेल झालं म्हणजे पीआरपी झालं, असं समजायचं कारण नाही.

आता पद्धत. भाजलेल्या भागापासून दूरची, कोपराच्या खोबणीतली ठसठशीत शीर धरा. सुई २१ नंबर किंवा त्याहून जाड घ्या. बारीक सुईतून जोराने ओढलं की तांबड्या पेशी फुटतात आणि प्लाझ्मा गुलाबी येतो. नळी एसीडी-ए या रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाची हवी. साडेआठ मिली रक्ताच्या नळीत दीड मिली द्रावण असतं. तिचं झाकण पिवळं असतं, आणि सीरमच्या जेल-नळीचंही पिवळंच, म्हणून रंगावर न जाता लेबल वाचा. एसीडी-ए नसेल तर निळ्या झाकणाची ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची नळी चालेल. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी वापरत असाल तर जेल न बनण्याचं कारण तिथेच सापडलं. ईडीटीए कॅल्शियम घट्ट धरून ठेवतं आणि प्लेटलेटचा आकारही बिघडवतं. नळी भरल्याबरोबर आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी करा. झटकायची नाही.

पहिली फेरी हलकी: २०० जीच्या आसपास, १० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर मशीन थांबताना थर ढवळले जातात. गुलाबी रंगाचं हे दुसरं नेहमीचं कारण. आता वर ढगाळ पिवळा प्लाझ्मा, मधे पांढरी रेघ आणि खाली तांबडा थर दिसेल. ढगाळपणा हीच प्लेटलेटची खूण. काचेसारखा स्वच्छ दिसला तर जोर जास्त झाला. सगळा पिवळा भाग पांढऱ्या रेघेपर्यंत निर्जंतुक साध्या नळीत काढून घ्या. सुईचं टोक द्रवाच्या पृष्ठभागाबरोबर खाली न्या, तळाशी खुपसू नका.

दुसरी फेरी जड: ५०० ते ८०० जी, १० मिनिटं. तळाशी फिकट गोळी बसते. वरचा दोन-तृतीयांश द्रव काढून टाका. उरलेल्या एक-तृतीयांशात पाचेक मिनिटं नळी तशीच ठेवा, मग तळहातांत हळुवार फिरवून गोळी मिसळा. गुठळ्या मोडायला सिरिंजने भसाभस ओढाओढ केली की प्लेटलेट तिथेच फुटतात. वाढीची प्रथिनं जखमेवर सुटायला हवीत, नळीत नकोत.

किती पट झालं, हे मोजल्याशिवाय कळत नाही. रुग्णाची प्लेटलेट अडीच लाख प्रति मायक्रोलिटर धरा. ३० मिली रक्तात ७५० कोटी प्लेटलेट झाल्या. त्यांतल्या ७० टक्के हाताशी आल्या, तर ५२५ कोटी. त्या ४ मिलीत ठेवल्या तर १३ लाख प्रति मायक्रोलिटर, म्हणजे पाच पट. त्याच १० मिलीत ठेवल्या तर सव्वापाच लाख, म्हणजे जेमतेम दुप्पट. सर्जन 'थोडं जास्त द्या' म्हणतात तेव्हा हे गणित त्यांच्यासमोर मांडा. तयार मालातला एक थेंब दहापट विरळ करून सेल काउंटरवर घाला. विरळ न करता घातला तर आकडा मशीनच्या मर्यादेबाहेर जाऊन चुकीचा दाखवला जातो.

जेल करायला १ मिली पीआरपीत ०.१ मिली १० टक्के कॅल्शियम क्लोराइड. ग्लुकोनेटही चालतं, पण त्याच टक्केवारीत त्यात कॅल्शियम जवळपास एक-तृतीयांशच असतं, त्यामुळे तेवढ्याच थेंबांत जेल ढिलं राहतं किंवा उशिरा बनतं. काही लोक गाईच्या रक्तातलं थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, वापरतात. त्याने काहींच्या शरीरात रक्त गोठवणाऱ्या घटकांविरुद्धच प्रतिपिंडं तयार होतात, आम्ही ते सुचवणार नाही. कॅल्शियम ऑपरेशन टेबलाजवळच मिसळा, लॅबमध्ये नको. मिसळल्यापासून दहा मिनिटांत प्रथिनं सुटायला लागतात आणि तासाभरात साठ्याचा मोठा भाग बाहेर पडलेला असतो. तुम्ही खाली जेल करून लिफ्टची वाट पाहत उभ्या राहिलात, तर वर पोचतो तो निम्मा वापरलेला माल.

तयार पीआरपी फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. २० ते २४ अंशांत ठेवा आणि चार तासांत वापरा. उघड्या बाकावर दोन वेळा झाकण उघडणं म्हणजे दोन वेळा जंतूंना आमंत्रण. लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेचा निर्जंतुक कप्पा) नसेल तर बंद किट वापरण्याचा आग्रह धरा. भाजलेल्या जखमेला तुमच्या बाकावरचे जंतू परवडत नाहीत. आणि एका वेळी एकच रुग्ण: नळीवर नाव आणि केसपेपर क्रमांक दोन्ही हवेत, दुसऱ्या नळीवरही.

एक निरोप सर्जनसाठी. जखमेवर पांढऱ्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा किंवा पोव्हिडोन आयोडिनचा थर असेल तर तो सलाईनने पूर्ण धुऊन काढल्याशिवाय पीआरपी लावण्यात अर्थ नाही. दोन्ही औषधं जंतूंइतकीच नव्या पेशींनाही जड जातात.

प्रश्न: माझ्या १९ वर्षांच्या मुलाच्या पाठीवर ८ टक्के भाजलंय, ग्राफ्ट करणार आहेत. कातडी मांडीवरून घेतात आणि मांडीच जास्त दुखते, असं ऐकलं. तिथे पीआरपी लावता येईल का? पाठीवरही सगळीकडे लावावं का?
– एक वाचक, परळ

उत्तर: मांडीवर लावता येईल, आणि पीआरपीची ती एक चांगली जागा आहे. कातडी साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडीची काढतात. खालचा थर शाबूत, जखम स्वच्छ आणि सगळीकडे सारख्या खोलीची असते. एरवी ती दहा ते चौदा दिवसांत भरते. उघड्या पडलेल्या मज्जातंतूंमुळे पहिले काही दिवस खरंच त्रासदायक असतात. पीआरपीने ती लवकर भरल्याचं आणि दुखणं कमी झाल्याचं बऱ्याच अभ्यासांत आढळलं आहे, सगळ्यांत नाही.

पाठीवर सर्जन ते वेगळ्या कारणासाठी वापरतात. ग्राफ्टच्या खाली फवारलं की त्यातलं फायब्रिन, म्हणजे गोठलेलं प्रथिन, गोंदासारखं धरतं, स्टेपल कमी लागतात. पहिले ४८ तास ग्राफ्ट खालच्या ओलाव्यावर जगतो, मग त्याला रक्तवाहिन्या जोडल्या जातात. मधल्या काळात तो सरकला किंवा खाली रक्त साचलं की गेला. म्हणून रक्तस्राव नीट थांबवणं आधी, पीआरपी नंतर. झिरपणाऱ्या जखमेवर पीआरपी टाकून वरून ग्राफ्ट दाबणं ही पळवाट आहे आणि पहिलं ड्रेसिंग उघडताना ती उघडी पडते.

आता 'सगळीकडे'चा हिशेब. बोटांसकट एक पंजा म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का, प्रौढात सुमारे १६० चौरस सेंमी. त्यावर ४ मिली पसरलं तर पाव मिलिमीटरचा थर होतो. आठ टक्क्यांना ३२ मिली पीआरपी, म्हणजे सुमारे २४० मिली रक्त. भाजल्याने आणि ऑपरेशनने ज्याचं हिमोग्लोबिन आधीच खाली आलंय त्याच्या अंगातून एवढं रक्त काढणं शहाणपणाचं नाही. म्हणूनच मोठ्या भाजण्यात स्वतःच्या रक्ताचं पीआरपी पुरत नाही. मांडीवर आणि पाठीवरच्या एखाद्या अवघड जागी ते वापरायला सांगा. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर तेही थांबवा.

ऑपरेशनची तारीखही विचारा. भाजल्यानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास प्लेटलेटचा आकडा घसरतो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उसळी मारून नेहमीपेक्षा वर जातो. पहिल्या आठवड्यात काढलेलं पीआरपी त्यामुळे पातळ निघतं. त्यासाठी ग्राफ्ट मात्र पुढे ढकलू नये.

प्रश्न: डेंग्यूत चढवतात त्याच का या प्लेटलेट? माझा भाऊ रक्त द्यायला तयार आहे, त्याचं चालेल का?
– एक वाचक, मालवणी

उत्तर: प्लेटलेट त्याच, काम वेगळं. डेंग्यूत त्या रक्तपेढीच्या पिशवीतून शिरेत देतात, रक्तस्राव थांबावा म्हणून. इथे त्या जखमेवर लावतात किंवा कडेला टोचतात. भावाचं रक्त काढून त्याच दिवशी क्लिनिकमध्ये तुमच्या जखमेवर लावणं योग्य नाही. दुसऱ्याचं रक्त वापरायचं तर ते रक्तपेढीतूनच यायला हवं आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस व मलेरिया या पाच तपासण्यांतून गेलेलं हवं. भावाला रक्त द्यायचंच असेल तर रक्तपेढीत देऊ द्या, ग्राफ्टच्या ऑपरेशनला ते लागेलच. (पपईच्या पानांचा रस जखमेवर लावू का, असंही आपण विचारलंय. लावू नका.)

प्रश्न: वडिलांना (वय ६८, मधुमेह १५ वर्षं) गरम पाण्याच्या पिशवीने तळपायाला भाजलं. तीन महिने झाले, जखम रुपयाएवढीच आहे. एका क्लिनिकने पीआरपीच्या सहा सेशनचं पॅकेज सांगितलंय. घ्यावं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: पॅकेज नको. एकेक वेळचं बघून ठरवा, कारण पुढच्या वेळी लागेल का हे मागच्या वेळच्या मापावरून कळतं.

पिशवी इतकी गरम आहे हे वडिलांना कळलं नाही, यातच निम्मं निदान आलं: तळपायाची संवेदना गेली आहे. अशा पायाची जखम भरत नाही त्यामागे बहुतेक वेळा तीन कारणं असतात आणि पीआरपीने त्यांतलं एकही हटत नाही. एक, ते त्याच जखमेवर भार देऊन चालत असतात. संडासपर्यंतच जातो म्हणतात, तेवढंही पुरतं. भार उतरवणारी खास चप्पल किंवा प्लास्टर लागतं. दोन, पायाला रक्त पुरत नाही. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात, ०.९ च्या खाली म्हणजे रक्तवाहिन्या अरुंद. पण मधुमेहात वाहिन्या कडक होऊन आकडा खोटा वाढतो, १.३ च्या वर गेला तर त्यावर विसंबू नका, अंगठ्याचा दाब किंवा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, करा. तीन, आत हाडापर्यंत जंतू. निर्जंतुक सळईचं टोक हाडाला लागलं तर एक्स-रे आणि पुढची तपासणी हवी.

हे सगळं झाल्यावर पीआरपी, आणि इथे त्याची बाजू ताज्या भाजण्यापेक्षा भक्कम आहे. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २०२१ मध्ये मधुमेहींच्या न भरणाऱ्या जखमांसाठी स्वतःच्या रक्ताच्या पीआरपीचा खर्च वीस आठवड्यांपर्यंत द्यायचं ठरवलं. आपल्याकडे सहसा आठवड्याला एकदा लावतात. आधी मेलेला भाग आणि कडेची जाड कातडी खरवडून काढायची, सलाईनने धुवायचं, मग जेल ठेवायचं, वर न चिकटणारं पॅराफिन गॉज. ते ड्रेसिंग पाचेक दिवस भिजू द्यायचं नाही. पावसाळ्यात चाळीच्या जिन्यावरून उतरताना वरून प्लास्टिक पिशवी बांधणार असाल तर घरी आल्याबरोबर काढा, आत घाम साचतो.

दर आठवड्याला पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि लांबी गुणिले रुंदी लिहून ठेवा. आज ३ बाय २ सेंमी, म्हणजे ६ चौरस सेंमी असेल, तर चार आठवड्यांत ३ च्या खाली यायला हवी. आली नाही तर आणखी पीआरपी न लावता निदान पुन्हा तपासा, कडेचा तुकडा काढून बायोप्सी करा. भाजल्याच्या जुन्या, न भरणाऱ्या जखमेत कधीकधी कॅन्सर निघतो. बहुधा वर्षानुवर्षांनी, पण त्यावर वाढीची प्रथिनं ओतत राहणं कुणालाच नको असेल.

हिरवट पू, गोडसर वास, ताप, सुजलेला लाल पाय यांपैकी काही दिसलं तर पीआरपीची वेळ रद्द करून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न: चार वर्षांपूर्वीच्या भाजल्याचा गालावर डाग आणि मानेवर ताण आहे. पीआरपीने जाईल?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: मानेवरचा ताण जाणार नाही, त्याला ऑपरेशन करून आखडलेली कातडी सोडवावी लागते. गालाच्या डागावर बारीक सुयांच्या उपचाराबरोबर किंवा लेझरबरोबर पीआरपी वापरतात. पोत थोडा मऊ होतो, खूण पुसली जात नाही. छातीवर किंवा कानाच्या पाळीवर गाठीसारखे केलॉइड येण्याची प्रवृत्ती असेल तर सुयाच टाळा, टोचल्याने ते चेकाळतात. सिलिकॉनची पट्टी आणि रोज २३ तास घालायचे दाबाचे कपडे यांचा खरा उपयोग पहिल्या वर्ष-दीड वर्षात होतो. तो काळ तुमच्या बाबतीत गेला.

प्रश्न: माझ्या पुतण्याला रेल्वेच्या ओव्हरहेड वायरचा शॉक बसला. पीआरपीने हात वाचेल का?
– एक वाचक, वडाळा

उत्तर: ती वायर २५,००० व्होल्टची असते. वरून दिसते ती जखम छोटी, आत हाडालगतचे स्नायू शिजलेले. पहिल्या दिवसांत पीआरपीचा विषय काढू नका. हातातल्या स्नायूंचे कप्पे वेळेत चिरून आतला दाब सोडणं, मेलेले स्नायू पुन्हा पुन्हा काढणं आणि मूत्रपिंडं सांभाळणं यावर सगळं अवलंबून आहे. लघवी चहाच्या रंगाची झाली तर लगेच सिस्टरना दाखवा. पुढे सगळं स्थिरावल्यावर एखादी छोटी जागा भरायची राहिली तर बघता येईल.

प्रश्न: पूर्वी मुंबईत भाजलेल्यांना बटाट्याच्या साली आणि केळीची पानं लावत. आता एवढं महाग पीआरपी. जुनं काय वाईट होतं?
– एक वाचक, शिवडी

उत्तर: काहीच वाईट नव्हतं, आणि ती आजीबाईच्या बटव्यातली गोष्टही नव्हती. वाडिया बालरुग्णालयाचे डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या ड्रेसिंगवरचा अहवाल १९८५ मध्ये भाजण्यावरच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला. सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांच्या गटाने निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांवर काम केलं. दोन्हींचं काम एकच: जखम ओलसर ठेवायची आणि ड्रेसिंग बदलताना ते चिकटू द्यायचं नाही. वरवरच्या जखमेला बहुतेक वेळा तेवढंच लागतं. ती पीआरपीशिवायही भरते, मग ड्रेसिंग सालीचं असो की विकतचं. मात्र हे सगळं रुग्णालयात निर्जंतुक करून वापरायचं. घरच्या पानावर माती आणि जंतू असतात. घरी करायचं ते भाजल्याबरोबर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ, हळद, टूथपेस्ट नको. तीन तासांच्या आत असेल तर उशीर झाला तरी पाणी ओताच.

मोठ्या भाजण्यात, जिथे स्वतःची कातडी आणि स्वतःचं रक्त दोन्ही अपुरं पडतं, तिथे आधार मिळतो तो त्वचापेढीचा. सायनलाच २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर काढतात, तो ग्लिसरॉलमध्ये ४ अंशांना पाच वर्षांपर्यंत टिकतो. रक्तगट जुळावा लागत नाही.

प्रश्न: बाबांना पुढच्या सोमवारी पीआरपी आहे. ते रोज इकोस्प्रिन घेतात. आठवडाभर बंद करू का?
– एक वाचक, दहिसर

उत्तर: स्वतःहून नाही. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, आणि ते प्लेटलेटला तिच्या आयुष्यभरासाठी, म्हणजे सात ते दहा दिवस, मंद करतं हे खरं, त्यामुळे पीआरपी थोडं कमी पडू शकतं. पण ही गोळी त्यांना कुणी आणि कशासाठी दिली आहे, ते आधी बघा. स्टेंट किंवा पक्षाघातासाठी असेल तर ती चालूच राहील आणि पीआरपी तसंच होईल. ब्रुफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या मात्र सर्जनला विचारून आठवडाभर थांबवता येतात, त्याऐवजी पॅरासिटामॉल. गोळी चालू आहे हे रक्त काढणाऱ्यालाही सांगा, म्हणजे सुई काढल्यावर तो कापूस पाच मिनिटं दाबून धरेल.